माप देताना श्वास सोडावा

पुण्यातल्या पुरुषाला कपड्यांबद्दल सल्ला देणं हे जोखमीचं काम आहे. तो स्वतः डॉक्टरला औषध सुचवेल, क्रिकेटच्या कप्तानाला क्षेत्ररचना सांगेल, रिक्षावाल्याला गिअर कधी बदलायचा ते शिकवेल. पण "काका, हा शर्ट तुम्हाला खांद्यात मोठा होतोय" असं कुणी म्हटलं, की तो चष्म्याच्या वरून पाहतो आणि विचारतो, "मग?"

या 'मग'ला उत्तर नाही. त्यामागे एक अख्खं तत्त्वज्ञान उभं असतं. कपड्यांकडे लक्ष देणारा माणूस एकतर मुंबईचा असतो, नाहीतर सिनेमातला, नाहीतर लग्न ठरलेला. विचारी माणसाचा शर्ट मळखाऊ रंगाचा असावा आणि पँट टिकलेली असावी. पँट शोभते का, हा प्रश्न आपल्याकडे कुणी विचारत नाही; ती किती सालची आहे, हे मात्र न विचारता सांगितलं जातं. "2004 साली घेतली, अजून काही झालेलं नाही तिला." तिला काही झालेलं नाही हे खरंच. मधल्या काळात तिच्या आतल्या माणसाला बरंच काही झालं, ते तो हिशोबात धरत नाही.

खरेदीसुद्धा तो करत नाही, त्याच्यासाठी ती उरकली जाते. शनिवारी संध्याकाळी लक्ष्मी रोडवर उभं राहून पाहा. घरातल्या बायकांची खरेदी होईपर्यंत हा पिशव्यांचा रखवालदार असतो. परतीच्या वाटेवर, पार्किंगच्या अलीकडे, एखादं पुरुषांच्या कपड्यांचं दुकान लागतं आणि बायको म्हणते, "आता आलोच आहोत तर तुम्हालाही एक शर्ट घेऊन टाकू या." मग दुकानदार माप बायकोला विचारतो, रंग बायकोला दाखवतो, आणि ज्याच्या अंगावर तो शर्ट चढणार असतो त्याने फक्त दोन प्रश्न विचारायचे असतात: केवढ्याला, आणि रंग जाईल का. तुळशीबागेत तर याहून बिकट अवस्था. तिथे पुरुषाला लागण्यासारख्या वस्तू तीनच: रुमाल, नाडा आणि थांबायला जागा. तिसरी कधीच मिळत नाही.

यावरून पुणेकर पुरुषाला कपड्यांत रस नाही असा कुणी निष्कर्ष काढला, तर त्याला या शहराचा इतिहास ठाऊक नाही असं म्हणावं लागेल. पुण्यातल्या पुरुषांनी कपड्यांवरून जेवढी भांडणं केली आहेत तेवढी पाण्यावरूनही केलेली नाहीत.

1877 सालचा दिल्ली दरबार घ्या. राजेरजवाडे हिऱ्यामोत्यांनी मढून बसलेले, आणि त्यांच्यात पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, हातसुताच्या जाड्याभरड्या खादीत. त्या वेळी गांधीजी सात वर्षांचे होते. पुढे 1888 साली व्हिक्टोरिया राणीचे चिरंजीव ड्यूक ऑफ कनॉट पुण्यात असताना हरी रावजी चिपळूणकरांनी त्यांना मेजवानी दिली. जरीकाठी पाहुण्यांच्या त्या गर्दीत जोतीराव फुले आले ते कुणब्याच्या वेषात. आणि ठणकावून सांगितलं, की या दागिन्यांवरून देश ओळखू नका, खरा देश खेड्यात आहे आणि तो माझ्यासारखा दिसतो. आजच्या समारंभांच्या निमंत्रणपत्रिकेवर 'पोशाख: पारंपरिक' असं छापलेलं असतं. जोतीराव नियमात बसले असते आणि यजमानांना घाम फुटला असता.

1905 च्या ऑक्टोबरात विदेशी कपड्यांची होळी झाली. फर्ग्युसनचे विद्यार्थी विनायक सावरकर त्यात पुढे होते, आणि प्राचार्य रँग्लर परांजपे यांनी त्यांना वसतिगृहातून काढून वर दहा रुपये दंड केला. पुणेकराचा कपड्यांवर झालेला सर्वांत गाजलेला खर्च तो हाच. दहा रुपये, आणि तेही कपडे जाळल्याबद्दल.

आगरकरांची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलेली आहे. विद्यार्थिदशेत अंगावर एकच सदरा, तो रात्री धुवायचा, सकाळी पुन्हा घालायचा. हल्ली फॅशनवाले लोक 'कॅप्सूल वॉर्डरोब' नावाचा प्रकार शिकवतात: मोजकेच कपडे ठेवा, सगळे एकमेकांवर जुळतील असे ठेवा. आगरकरांकडे जुळण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. आणि 1932 च्या सप्टेंबरात येरवड्याच्या तुरुंगात एका बाजूला पंचा नेसलेले गांधीजी आणि दुसऱ्या बाजूला सुटाबुटातले डॉ. आंबेडकर, असा पुणे करार झाला. एकाने अंगावर होतं ते विचारपूर्वक उतरवलं होतं. दुसऱ्याने, ज्या समाजाला धड कपडा वर्षानुवर्षं नाकारला गेला त्याच्या वतीने, तो विचारपूर्वक चढवला होता. कपडा ही क्षुल्लक गोष्ट आहे असं या दोघांपैकी कुणीच म्हटलं नसतं. तसं म्हणण्याचा अधिकार आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी राखून ठेवलेला आहे.

हा सगळा इतिहास जुना झाला असंही नाही. पुणेरी पगडीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा तिच्याखाली डोकं घालणारे लोक फक्त सत्कारात आणि नाटकात उरले होते. तरी 2018 च्या जूनमध्ये शरद पवारांनी कार्यकर्त्यांना पुणेरी पगडीऐवजी फुले पगडी वापरायला सांगितली आणि शहर पेटलं. पुढच्या जानेवारीत विद्यापीठाच्या पदवीप्रदान समारंभात पगडीवरून गोंधळ झाला. त्याच जानेवारीत पोलिसांनी हेल्मेटसक्ती सुरू केली आणि तिच्या विरोधात कृती समिती, मोर्चे, पत्रकं, सगळं यथासांग झालं. म्हणजे 2019 च्या एका महिन्यात पुण्याने डोक्यावर काय असावं यावर एक आंदोलन केलं आणि डोक्यावर काय नसावं यावर दुसरं. अशा शहरातल्या पुरुषाला कपड्यांचं काही पडलेलं नाही असं कोण म्हणेल?

माझं म्हणणं इतकंच, की पुणेकर पुरुष सदरा अंगात घालतो तेव्हा त्याने एक भूमिका घेतलेली असते. खादी ही भूमिका, जीन्स न घालणं ही भूमिका, इस्त्री न करणं ही तर फारच मोठी भूमिका. अडचण अशी, की भूमिका मापाची शिवून मिळत नाही. विचार कितीही उंच असले तरी बाही चार बोटं लांब आहे ती आहेच. म्हणून पुढचा सगळा मजकूर विचारांना सोडून मापाविषयी आहे.

मापाचं मूळ म्हणजे टेलर, आणि टेलरकडे जाण्याचं कारण म्हणजे शर्टपीस. पुण्यातल्या कुठल्याही मध्यमवर्गीय कपाटाचा वरचा कप्पा उघडा. तिथे आहेरात आलेले शर्टपीस आणि पँटपीस खोक्यासकट रचलेले असतात. मोतिया, बिस्किटी, फिकट पिस्ता, आणि ज्याला नाव नाही पण जो सरकारी दवाखान्याच्या भिंतीला असतो तो एक. हे पीस कुणी शिवत नाही, कुणी टाकतही नाही. मुंजीत आलेला पीस वास्तुशांतीला जातो, वास्तुशांतीचा साठीशांतीला. देताना खोक्यावरचं जुनं नाव खोडायला विसरू नये, हा या व्यवहारातला एकमेव शिष्टाचार.

एखादा धाडसी गृहस्थ यातला पीस घेऊन टेलरकडे जातो तेव्हा त्याला पहिल्यांदा गणित भेटतं. कापडाचा पन्हा 36 इंची असेल तर पूर्ण बाहीच्या शर्टाला सव्वादोन मीटर लागतं, 58 इंची असेल तर साधारण 1 मीटर 60 सेंटीमीटर. पँटपीस 1 मीटर 20 सेंटीमीटरचा. ही मापं कोणत्या तरी सडपातळ, मध्यम उंचीच्या, नेमस्त गृहस्थाला डोळ्यासमोर ठेवून ठरलेली असावीत. प्रत्यक्ष आलेल्या गृहस्थाकडे बघून टेलर पीस उलगडतो, हाताने मोजतो आणि शांतपणे म्हणतो, "पुरणार नाही. हाफ शर्ट करू?" पुण्यात अर्ध्या बाहीचे शर्ट इतके का दिसतात याचं कारण लोक हवामानात शोधतात. मला ते तिथे सापडत नाही. आहेराचा पीस आणि वाढतं पोट यांच्यातला तो तह आहे.

मग माप. माप घेणं हा पुरुषाच्या आयुष्यातला अवघड प्रसंग असतो, कारण ते जाहीर असतं. टेलर टेप लावतो आणि वहीवर बसलेल्या पोराला ओरडून सांगतो, "छाती चाळीस, कंबर बेचाळीस!" दुकानातली चार माणसं वळून बघतात. हे टाळण्यासाठी टेप कमरेशी येताच प्रत्येक पुरुष श्वास आत ओढतो आणि पोट फासळ्यांखाली नेऊन ठेवतो. टेलर अनुभवी असेल तर टेप तशीच धरून इकडचं तिकडचं काही विचारतो. मुलगा काय करतो, पाऊस यंदा कसा. उत्तर द्यायला श्वास सोडावा लागतो आणि खरं माप मिळतं. टेलर नवखा असेल तर तो आत ओढलेल्या श्वासाची पँट शिवतो. अशी पँट घालून माणसाला फोटो काढता येतो, जेवता येत नाही.

काहीजण माप देण्याचाच प्रसंग टाळतात. "तुमच्याकडे जुनं माप असेल ना आमचं?" असं एका ज्येष्ठ गिऱ्हाइकाने विचारलेलं मी ऐकलं. टेलरने वही काढली, पान शोधलं, वाचलं, गिऱ्हाइकाकडे एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "आहे ना साहेब. पण ते आता तुमचं राहिलेलं नाही."

यानंतर येतो चाळिशीच्या पुढच्या पुरुषाचा मूलभूत प्रश्न: पँट पोटाच्या वर बांधायची की खाली. वरचा पक्ष जुना, शिस्तीचा. बेंबी झाकून पट्टा बांधणारा. लांबून पाहिलं तर त्याचे पाय गळ्यापासून सुरू झाल्यासारखे दिसतात. खालचा पक्ष आधुनिक; त्याचं पोट पट्ट्यावरून पुढे येतं आणि पँट दर पाच मिनिटांनी वर ओढावी लागते. दोन्ही पक्ष एकमेकांना हसतात. व्यवहारात ज्याचं पोट पुढे आहे त्याने जरा वरच बांधावी, पण पँट शिवतानाच तशी सांगावी, म्हणजे टेलर बैठक त्या हिशोबाने उंच ठेवतो. खाली बांधायची म्हणून शिवलेली पँट वर ओढून बांधली की बॉटम पायाच्या घोट्याच्या वर जातो आणि पांढरे मोजे उघडे पडतात. त्यातून बूट काळे असले तर माणूस थेट शाळेच्या संचलनातून आल्यासारखा दिसतो. मोजे पँटच्या रंगाचे घ्यावेत. एवढ्या एका गोष्टीला पैसे वेगळे पडत नाहीत, पण 'आजवर कुणी काही बोललं नाही' या कारणाने ती राहून जाते. कुणी बोललं नाही, कारण सगळे मोज्यांकडे बघत होते.

टेलरला आणखी दोन गोष्टी सांगाव्यात. सुती कापड असेल तर शिवायच्या आधी रात्रभर पाण्यात घालून वाळवून द्यावं. कापडाला काय आटायचं असेल ते तेव्हा आटू दे. शिवल्यानंतर आटलं तर ते तुम्हाला घेऊन आटतं. आणि कमरेला आत मार्जिन ठेवायला सांगावं. मागच्या शिवणीत दाबलेलं ते दीड-दोन इंच कापड हा पुरुषाचा खरा विमा, आणि याचा दावा प्रत्येकजण कधी ना कधी करतोच.

बॉटमच्या बाबतीत मात्र सल्ला द्यायला मी धजत नाही. सत्तरच्या दशकात बेलबॉटम इतकी रुंद होती की रस्ता झाडणाऱ्याचं काम हलकं व्हावं. मग ती सोळावर आली, चौदावर आली, मध्यंतरी तर पोरांना पँट काढताना दुसऱ्या माणसाची मदत लागेल अशी वेळ आली. आता कॉलेजातली मुलं पुन्हा ढगळ पँटी घालून हिंडतात. यात ज्या पुणेकराने 1994 नंतर आपला बॉटम बदललाच नाही तो दर पंचवीस वर्षांनी आपोआप फॅशनमध्ये येतो, आणि ते आपल्या दूरदृष्टीचं फळ मानतो.

तयार कपडे घेणाऱ्यांची गोष्ट निराळी. तिथे एका कंपनीचा एल तो दुसरीचा एक्सएल, त्यामुळे अक्षरांवर विश्वास ठेवू नये, खांद्यावर ठेवावा. शिवण खांद्याच्या हाडावर बसली पाहिजे. बाही कमी करता येते, बाजू आत घेता येतात, उंची छाटता येते, पण खांदा उतरला असेल तर तो शर्ट दुरुस्त करण्यापेक्षा आहेरात दिलेला बरा. कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटवर हे घालून बघण्याची सोय नसते. 2021 च्या मार्चमध्ये तिथली शेकडो दुकानं आगीत जळाली, त्यातून ती बाजारपेठ पुन्हा उभी राहिली. तिथे सदाशिव पेठेतला गृहस्थ घासाघीस करून भाव निम्म्यावर आणतो आणि वर पावती मागतो.

पण पुण्यात कपड्याची खरी परीक्षा आरशात होत नाही, दुचाकीवर होते. ट्रायल रूममध्ये माणूस ताठ उभा राहतो, पोट आत, मान वर, आणि स्वतःवर खूश होतो. प्रत्यक्षात त्या कपड्यांतला त्याचा बराचसा काळ स्कूटरवर बसून जाणार असतो. तेव्हा ट्रायल रूममध्ये स्टूल असेल तर त्यावर बसावं, दोन्ही हात हँडल धरल्यासारखे पुढे करावेत आणि मागे कुणाला तरी बघायला सांगावं. शर्ट पाठीवर चढून पँटच्या वर हातभर उघडा भाग राहत असेल तर तो शर्ट घेऊ नये. कर्वे रोडवर सिग्नलला मागे थांबलेल्या माणसाला ऐंशी सेकंद दुसरं काहीही बघायला नसतं. हा प्रयोग करताना दुकानातला विक्रेता विचित्र नजरेने बघेल. बघू द्यावं. सिग्नलवर याहून जास्त लोक बघतात.

लिनन हे उत्तम कापड आहे, पण ते चारचाकीचं कापड आहे. कोथरूडहून निघालेला लिननचा शर्ट स्कूटरवरून कॅम्पात पोचेपर्यंत वाळत टाकलेल्या पापडासारखा होतो. 2022 च्या मार्चमध्ये वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो सुरू झाली तेव्हा वर्तमानपत्रांनी वाहतूक, प्रदूषण, विकास असं सगळं लिहिलं. इस्त्री घरापासून ऑफिसपर्यंत टिकण्याची ही पुण्याच्या इतिहासातली पहिलीच वेळ, हे कुणी लिहिलं नाही.

दुचाकीला जोडून हवामान येतं. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर आहे आणि त्याचा हवामानाचा स्वभाव पुणेकराच्या वळणावर गेला आहे: सकाळी एक बोलतं, दुपारी दुसरं. जानेवारीत पहाटे दहा-अकरा अंश आणि त्याच दिवशी दुपारी तीस. सात वाजता स्वेटर, मफलर, कानटोपी घालून निघालेला माणूस बाराला घामेजून उभा असतो, आणि ते सगळं कुठे ठेवायचं हा प्रश्न असतो. स्कूटरच्या डिकीत आधीच भाजी असते. म्हणून जाड स्वेटर एकच घेण्यापेक्षा पातळ थर दोन घ्यावेत: आत सुती, वर बिनबाह्यांचं लोकरी, त्यावर वाऱ्यासाठी पातळ जर्किन. एकेक उतरवता येतं आणि घडी बॅगेत मावते. थंडीत सारसबागेतल्या गणपतीला भक्तमंडळी स्वेटर आणि कानटोपी घालतात. ऋतू पाहून ज्याचे कपडे बदलतात असा पुण्यातला तो एक नमुना, आणि त्याचेही दुसरेच बदलतात.

उन्हाळ्यात उलट. 2019 च्या एप्रिलअखेर पारा 43 अंशांवर गेला होता. अशा उन्हात बायका स्कार्फ आणि सनकोट घालून संपूर्ण झाकून निघतात आणि पुरुष त्यांना हसतो. दोन वर्षांनी त्याची मान आणि मनगटं करपतात, मग तो गुपचूप तोंडाला रुमाल बांधतो आणि हाताला त्या लवचीक बाह्या चढवतो. पुण्यातल्या पुरुषाने बायकांकडून घेतलेला हा एकमेव फॅशनचा धडा. त्याचं श्रेय तो त्वचारोगतज्ज्ञाला देतो.

सकाळी तळजाई नाहीतर वेताळ टेकडीवर गेलात तर पुरुषांच्या कपड्यांचा आणखी एक भाग दिसतो: फुकटचे टीशर्ट. मॅरेथॉनचे, बँकेच्या वर्धापनदिनाचे, रक्तदान शिबिराचे, 2011 च्या विक्री परिषदेचे. पाठीवर 'टीम नंबर वन' लिहिलेले हे गृहस्थ एकटेच चढ चढत असतात. खाली बर्म्युडा. रा. स्व. संघाने नव्वद वर्षांची खाकी अर्धी विजार 2016 च्या विजयादशमीला सोडून तपकिरी फुलपँट घेतली. टेकडीवरचा प्रवास बरोबर उलटा आहे. आयुष्यभर फुलपँटमध्ये काढलेले लोक निवृत्तीनंतर अर्धीत आले आणि आता लग्नाच्या मांडवापर्यंत तीतच येतात. फुकटच्या टीशर्टला माझी हरकत नाही. तो टेकडी उतरल्यावर उतरवावा, एवढंच. त्यात बँकेत गेलात तर बँकही तुम्हाला तेवढ्याच गांभीर्याने घेते.

हिंजवडीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. तिथे गळ्यात पट्टा, पाठीवर बॅग आणि चेहऱ्यावर चाकणकडून येणाऱ्या ट्रकमागे काढलेला तास हा गणवेश आहे. आत शर्ट कुठला आहे हे बघायला कुणाला वेळ नसतो.

मन लावून कपडे केलेला पुणेकर पुरुष बघायचा असेल तर डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाला जावं. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ 1953 मध्ये सुरू केलेला हा महोत्सव आता मुकुंदनगरात भरतो. तिथे एरवी 'मग?' विचारणारा माणूस सिल्कच्या कुर्त्यात, वर जाकीट, खांद्यावर शाल अशा थाटात अवतरतो. दुपारी उन्हात सुरू होणारं गाणं रात्री दहाला थंडीत संपतं, त्यामुळे थर चढवणं आणि उतरवणं आपोआप होतं. मी वर जे सांगितलं ते इथे प्रत्येकजण न सांगता करतो. विलंबित ख्यालाला शाल मांडीवर, द्रुत लागली की खांद्यावर, आणि शेजारच्याला राग चुकीचा सांगायचा असेल तर एका टोकाने तोंड झाकून. कुर्त्यांची मापंही बरी असतात. कारण उघड आहे, कुर्त्याला माप नसतं.

पायात अर्थातच कोल्हापुरी. डिसेंबरच्या गारठ्यात टाचा उलल्या तरी कोल्हापुरी. या चपलेला जून 2025 मध्ये भलताच मान मिळाला. मिलानला प्राडा या बड्या कंपनीच्या पुरुषांच्या फॅशन शोमध्ये पोरं हुबेहूब कोल्हापुरीसारखी चप्पल घालून चालली, आणि कोल्हापूरचं नाव कुठेच नव्हतं. आपल्याकडे गदारोळ झाला तेव्हा कंपनीने मान्य केलं की प्रेरणा भारतीय कारागिरांची. सगळा महाराष्ट्र संतापला होता. लक्ष्मी रोडवर कोल्हापुरी घ्यायला आलेला एक गृहस्थ मात्र दुकानदाराला विचारत होता, "मग आता तुम्ही भाव वाढवणार का?" सल्ला म्हणून इतकंच सांगतो: कोल्हापुरी नवी असताना चावते, तेव्हा समारंभाच्या दिवशी पहिल्यांदा घालू नये. आठवडाभर घरात तेल लावून वापरावी. पावसात तर तिला दाराबाहेरही काढू नये, आणि पुण्यात पाऊस कधी येईल हे वेधशाळेचं शिमला ऑफिससुद्धा 'शक्यता आहे' म्हणूनच सांगतं.

तर आता कपाटाचा वरचा कप्पा. त्यातले बरे रंग निवडा, पाण्यात घाला, वाळवा आणि टेलरकडे न्या. पण कधी नेता याला महत्त्व आहे. गणपतीच्या आधी टेलर ढोल-ताशा पथकांचे पांढरे कुर्ते शिवत असतो. नवरात्र लागलं की दिवाळीची गर्दी, दिवाळी झाली की तुळशीच्या लग्नानंतरचे लग्नाचे कपडे, मग उन्हाळ्यातले मुहूर्त, मग शाळांचे गणवेश. वर्षात त्याला मोकळा वेळ असतो तो पितृपंधरवड्यात, कारण त्या पंधरा दिवसांत नवे कपडे कुणी घेत नाही. तुमचा पीस कुठे नवा आहे? तो 2013 च्या मुंजीतला आहे. तेव्हा निःशंक मनाने भाद्रपदातल्या त्या पंधरवड्यात जा, दसऱ्याला शर्ट हातात मिळेल. दिवाळीच्या आठ दिवस आधी गेलात तर टेलर "तुळशीच्या लग्नानंतर बघू" म्हणेल. कोणत्या वर्षीच्या, ते विचारून घ्या.